मिसळ कधीपासून?

मूळव्याधीचं ऑपरेशन करून घरी निघालेला नाशिककर सर्जनला हमखास दोन प्रश्न विचारतो. गाडी कधी चालवू? आणि, आवाज जरा खाली आणून, मिसळ कधीपासून? पहिला प्रश्न सर्जनवर सोडू. विज्ञान दुसऱ्यात आहे.

गुदमार्गाच्या आत एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला चिमटा घेतला तरी फारसं कळत नाही. खालची त्वचा मात्र बोटाच्या टोकासारखी हळवी. कोंबाला रबर बँड लावतात तो या रेषेच्या वर. त्यामुळे जडपणा आणि सारखं शौचाला लागल्यासारखं वाटणं, एवढ्यावर बहुधा निभावतं. आठ-दहा दिवसांनी सुकलेला कोंब गळतो, थोडं रक्त दिसतं आणि एव्हाना सगळं विसरलेला माणूस दचकतो. कापून काढायच्या ऑपरेशनचं तसं नाही. मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जखम रेषेखालच्या त्वचेतून जाते आणि मुद्दाम उघडी ठेवतात. ती तळापासून भरत येते, त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पिवळसर पाणी येणं, खाज सुटणं चालायचंच.

हाताला लागलं तर हात गळ्यात बांधून ठेवता येतो. या जखमेला एक दिवसाची रजा नाही. त्यात आतला गोल स्नायू आपल्या हुकमात नाही; जखम चिडली की तो आवळतो आणि कळ वाढते. दुखेल या भीतीनं माणूस शौच टाळतो, आतडं पाणी शोषत राहतं, मलाचा खडा होतो. तीव्र वेदनाशामक गोळ्यांपैकी काही स्वतःच बद्धकोष्ठ करतात, हे आणखी वर. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगतात ते हा स्नायू सैल पडावा म्हणून. इसबगोल मल मऊ करतं ते पाणी धरून ठेवून. वर भरपूर पाणी प्यायलं नाही, तर तेच अडकून बसतं.

आता मिसळ. मिरचीतलं कॅप्सेसिन सगळंच पचत नाही. त्याला ओळखणारे, एरवी चटका ओळखणारे, ग्राहक (रिसेप्टर) जिभेवर असतात तसे गुदद्वाराच्या त्वचेतही असतात. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पण गंमत अशी, की २००६ मध्ये इटलीत मूळव्याधीच्या रुग्णांना मिरचीची कॅप्सूल देऊन पाहिली, तेव्हा त्रास वाढला नाही. मग मिरची निर्दोष? थांबा. पुढच्याच वर्षी नागपूरच्या डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ऑपरेशन झालेल्या रुग्णांवर चाचणी केली. मिरची खाणाऱ्या गटात दुखणं आणि आग दोन्ही जास्त निघालं. कोंब आणि उघडी जखम यांतला हा फरक आहे.

गुठळ्या पडतील इतकं रक्त, ताप किंवा लघवी अडकणं, यातलं काही झालं तर मिसळीचा विचार बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. एरवी जखम भरल्याचं सर्जननं तपासून सांगितलं, की रविवारी सकाळी निघायला हरकत नाही. मटकी, शेव, दही घ्या. रस्सा नाशिकमध्ये वेगळ्या वाटीत येतो. पहिल्या खेपेला तो दोन चमचेच ओता.