दिव्यानं तोडावं, शेवाळानं पचवावं

गंगापूर तालुक्यातल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, तशी औषधंही बनतात. इकडची खाम नदी नाथसागर जलाशयाला मिळते आणि संभाजीनगरच्या नळांना पाणी येतं तेही नाथसागराचंच. सांडपाण्यात उरलेल्या प्रतिजैविकांचा विषय म्हणूनच इथे थेट घरातला आहे.

धोका किती मोठा असू शकतो, हे 2007 साली हैदराबादजवळच्या पाटणचेरूत दिसलं. सुमारे 90 औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात योआकिम लार्सन या स्वीडिश संशोधकाच्या गटाला लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं. गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतकं नसतं.

नेहमीच्या प्रक्रियेत घाण खाण्याचं काम जिवाणू करतात आणि प्रतिजैविक त्यांनाच मारतं. जे तगतात, ते प्रतिकाराची जनुकं शेजाऱ्यांना देतात.

अतिनील दिवा इथे उपयोगी पडतो. पाऱ्याच्या दिव्यातले 254 नॅनोमीटरचे किरण औषधाच्या रेणूतले बंध तोडतात आणि जिवाणूंच्या डीएनएलाही इजा करतात. मात्र गढूळ पाण्यात ते खोल जात नाहीत, म्हणून पाणी आधी निवळून घ्यावं लागतं. शिवाय तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात. काही तर मूळ औषधाइतकेच विषारी.

ते तुकडे शेवाळाच्या वाट्याला येतात. क्लोरेला, सेनेडेस्मस यांसारखी सूक्ष्म हिरवी शेवाळं काही रेणू पेशीभित्तीवर धरून ठेवतात, काही आत घेऊन मोडतात. जिवाणूची भित्ती फोडणारं औषध त्यांना सहसा बाधत नाही, कारण त्यांची भित्ती वेगळी. टेट्रासायक्लिन मात्र बाधतं: शेवाळाच्या हरितलवकात प्रथिनं बनवणारी यंत्रणा जिवाणूंसारखीच असते. दिवा आधी आणि शेवाळ नंतर, हा क्रम त्यामुळेच शहाणपणाचा.

शेवाळाचे तलाव नवे नाहीत. विल्यम ओसवाल्ड यांनी कॅलिफोर्नियात 1950च्या दशकात सांडपाण्यासाठी उथळ तलावांचा पाया घातला. मराठवाड्यात त्यांना लागणारं ऊन मुबलक आहे. पण एप्रिल-मेच्या उन्हात पाणी उडून जातं, आणि ही घट इथे परवडणारी नाही. तलावातून काढलेलं शेवाळही शेतात टाकता येणार नाही. त्याला औषध चिकटलेलं असतं, म्हणून ते जाळणंच बरं.

दिवा आणि शेवाळाची ही खर्चिक जोड बसवायला कारखान्यांना नियमाची गरज लागते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात किती प्रतिजैविक चालेल, याच्या मर्यादा केंद्र सरकारच्या जानेवारी 2020च्या मसुद्यात होत्या. 2021च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. सप्टेंबर 2024मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं याच सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या ऐच्छिक आहेत. मसुद्यातल्या मर्यादा परत आणायला हव्यात, आणि त्या पाळल्या जातात का हे खामच्या पाण्यात मोजायला हवं.