आरोग्याचे अ‍ॅप : फोटो घरात राहतो की बाहेर जातो?

अंगावर चट्टा दिसला की आता मुले आधी फोन काढतात. फोटो टाकला की अ‍ॅप आजाराचे नाव सांगते. तो फोटो जातो कुठे, हे मात्र घरात फारसे कोणी विचारत नाही. या वेळी आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

अशी अ‍ॅप दोन प्रकारे चालतात. पहिल्या प्रकारात फोटो नेटवरून कंपनीच्या दूरच्या संगणकावर जातो आणि उत्तर तिथून येते. दुसऱ्या प्रकारात तपासणारे 'मॉडेल' आपल्या फोनमध्येच असते. मॉडेल म्हणजे खूप फोटो दाखवून शिकवलेली आकड्यांची मोठी फाईल. ती फोनच्या स्टोरेजमध्ये राहते. अ‍ॅप वापरताना ती रॅममध्ये घेतली जाते आणि फोटो तिथेच तपासला जातो. स्वस्त फोनमध्ये मावावी म्हणून फाईल लहान करतात. 32 बिटचे आकडे 8 बिटमध्ये ठेवले, तर ती साधारण चौथा हिस्सा होते. अशी मॉडेल फोनवर चालवण्यासाठी गूगलने 2017 मध्ये 'टेन्सरफ्लो लाइट' आणले.

मंडणगड, संगमेश्वर, राजापूरकडच्या डोंगराळ वाड्यांत रेंजचा भरवसा नसतो. तिथे हा दुसरा प्रकार कामाचा. आपल्या राज्यात हे झालेले आहे. मुंबईत 2018 मध्ये सुरू झालेल्या वाधवानी एआय संस्थेने कापसावरच्या बोंडअळीसाठी अ‍ॅप केले. सापळ्यात अडकलेल्या किडींचा फोटो काढला की फोनच त्या मोजतो, नेट नसले तरी.

दुसरा फायदा गुप्ततेचा. क्षयरोग, एचआयव्ही किंवा बाईच्या अंगावरची जखम, ही माहिती बाहेर फुटली तर काम जाते, सोयरीक मोडते. फोटो फोनमध्येच राहिला तर हा धोका कमी होतो. म्हणून एवढे करा :

• फोन एअरप्लेन मोडवर ठेवून, वाय-फायही बंद करून अ‍ॅप वापरा. उत्तर आले तर मॉडेल फोनमध्ये आहे. पण नेट सुरू झाल्यावर अ‍ॅप फोटो पाठवू शकते. म्हणून संमतीची सूचनाही वाचा. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही सूचना मराठीतही मिळण्याची तरतूद आहे.
• काही अ‍ॅप मॉडेल नंतर उतरवून घेतात. रेंज असेल तिथेच अ‍ॅप एकदा उघडून ते पूर्ण उतरू द्या. 'क्लिअर डेटा' केले की ते पुसले जाते आणि पुन्हा नेट लागते.
• व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची किंवा मॉडेलची फाईल टाकू नका. फाईल कोणी बदललेली असेल तर उत्तरही चुकीचे येईल, आणि ते आपल्याला कळणारही नाही.
• रॅम कमी असेल तर अ‍ॅप मध्येच बंद पडते. इतर अ‍ॅप बंद करून पाहा.

मॉडेल घरात असले म्हणून ते डॉक्टर होत नाही. जे दाखवून शिकवले तेवढेच त्याला ओळखता येते. गोऱ्या कातडीचे फोटो पाहून शिकलेले मॉडेल सावळ्या अंगावरच्या चट्ट्याबाबत जास्त चुकते. बधिर चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. क्षयरोग आणि कुष्ठरोगाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आणि रत्नागिरीकरांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे फुरसे पुष्कळ. साप चावल्यावर तो ओळखायला अ‍ॅप उघडत बसू नका, फोटोसाठी सापामागे धावू नका. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच आहे. चावलेला भाग हलवू नका, करकचून बांधू नका. त्या वेळी फोनचे काम एकच, 108 लावणे.