मानशीजवळची पाणमांजरं

गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरलं की पक्षी पाहणारे सलीम अली अभयारण्याकडे वळतात. आम्ही मान खाली घालून खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून चालू लागतो. पाणमांजरांच्या पाहणीत जनावर दिसलं तर नशीब. शोधायची असते ती विष्ठा.

वेळ ओहोटीची. भरतीने जुने ठसे धुतलेले असतात, म्हणून पाणी उतरल्यावर चिखलात जे दिसेल ते ताजं. बांधावर गावच्या कुत्र्यांची ये-जा भरपूर. पण कुत्र्याची चार बोटं उमटतात, पाणमांजराची पाच.

विष्ठा शोधायची मानशीजवळ. मानस म्हणजे बांधातलं लाकडी झडपांचं दार. भरतीच्या रेट्याने ते मिटतं, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं. पाण्यासोबत मासळीही तिथेच गोळा होते. म्हणून तर तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होतो. पाणमांजरं बोली न लावताच हजर असतात. इथली जात स्मूथ-कोटेड ऑटर, कळपाने राहणारी. सगळा कळप ठरावीक जागीच विष्ठा टाकतो. ताजी असेल तर काळपट, बुळबुळीत. जुनी पांढुरकी, काडी लावताच भुगा होणारी. आत खवले, काटे, कधी खेकड्याच्या कवचाचे तुकडे. नवखी पोरं आधी नाक दाबतात. पण मासळीचा तो उग्र वास पुस्तकातल्या चित्रापेक्षा खात्रीची खूण आहे.

कॅमेरा ट्रॅपही लावतो, मात्र त्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. आसपासच्या हवेपेक्षा उबदार अंग समोरून हललं की तो चालू होतो. पाण्यातून नुकतंच आलेलं, ओल्या गार केसांचं पाणमांजर त्याला चकवून जातं. फोटो मिळाले तरी वाघासारखे पट्टे नाहीत, त्यामुळे दहा फोटोंत दहा पाणमांजरं की एकच, हे ठरवता येत नाही. या जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१९ मध्ये ‘साइटिस’ कराराने बंद केला, तेव्हापासून ‘एकूण किती?’ हा प्रश्न जास्तच येतो. कुठल्या बांधांवर वावर आहे आणि कुठला थांबला, एवढंच मी सांगतो. आकड्यापेक्षा ते उपयोगाचं आहे.

जाळी फाडतात म्हणून मासेमार त्यांना शिव्या घालतात. रात्री कुठल्या मानशीवर कळप आला, पिल्लं सोबत होती का, हेही त्यांनाच ठाऊक असतं. नोंदीच्या तक्त्यात त्यांच्या सांगण्यासाठी वेगळा रकाना आहे. विष्ठा मिळाली नाही, तरी तो रिकामा राहत नाही.