तारांमधलं अंतर आणि उजवा हात

आज सतारीच्या उजव्या हाताबद्दल बोलायचं आहे. डाव्या हाताबद्दल सगळेच बोलतात, कारण मींड डोळ्यांना दिसते. उजव्या हाताकडे लक्ष जातं ते मनगट दुखायला लागल्यावर. आमच्या एचएसआर लेआउटमध्ये निवृत्तीनंतर सतार हातात घेतलेले चार-पाच जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यातल्या दोघांनी वर्षाच्या आत ती गवसणीत घालून कपाटावर ठेवली. म्हणाले, वय झालं, बोटं वळत नाहीत. मी दोघांच्याही सतारी वाजवून पाहिल्या आणि माझं मत वेगळं पडलं. त्या तारांवर विशीतल्या पोरालाही त्रास झाला असता.

आधी मांडणी समजून घेऊ. मांडीवर सतार घेतली की बाजाची तार सगळ्यात खाली, जमिनीच्या बाजूला येते. तिच्यावर जोड, मग बाकीच्या तारा आणि सगळ्यात वर, आपल्या छातीकडे, चिकारी. आता पडद्याची रुंदी बघा. पडदा चांगला ऐसपैस असतो, पण तारा त्याच्या वरच्या भागात दाटीवाटीने बसवलेल्या असतात. बाजाच्या तारेखाली मोठी जागा रिकामी ठेवलेली असते. ती डाव्या हातासाठी. मींड काढताना तार खाली ओढायची असते आणि चार-पाच स्वरांची मींड म्हणजे तार बरीच लांब जाते. डाव्याला अंगण मिळालं, म्हणून उजव्याच्या वाट्याला चाळीतली खोली आली! सतारीचा सगळा पेच इथे आहे.

या दाटीत काम कोण करतं? एकटी तर्जनी. तिच्यावर पोलादी तारेची नखी, म्हणजे मिजराब. दंडाखालचा हात भोपळ्यावर टेकलेला, अंगठा शेवटच्या पडद्यापलीकडे दांडीच्या कडेला रोवलेला. बोट आत, तळव्याकडे आलं की ‘दा’, बाहेर गेलं की ‘रा’. फौजेत रायफल शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात की घोडा फक्त तर्जनीने दाबायचा, बाकीचा हात दगडासारखा. सतारीला दगड चालत नाही, मनगट सैल हवं. पण अंगठ्याची जागा मात्र सोडायची नाही. अंगठा हा या हाताचा नकाशा आहे. तो स्थिर असेल तर तर्जनीला न बघता कळतं की जोड किती लांब आणि चिकारी किती लांब.

आता ‘दा’ नीट बघा. बोट खालून वर येतं, बाजाची तार छेडतं आणि त्याच वाटेवर पुढे जोड उभा असतो. जोड फार जवळ असेल तर प्रत्येक जोरदार ‘दा’ला तोही वाजतो. तो वाजू नये म्हणून शिकणारा बोट मध्येच आखडतो. दिवसातून हजार वेळा आखडतो. संध्याकाळी कोपराखालचा स्नायू ठणकतो आणि आपण वयाला दोष देतो. उलट, तारा फार लांब पसरल्या असतील तर त्रास झाल्यात होतो. झाला म्हणजे बाजावर एक ‘दा’ आणि चिकारीवर तीन ‘रा’, हेच चक्र वाढत्या लयीत. बोटाला सगळ्या तारा ओलांडून वर जायचं, परत यायचं. अंतर जास्त असेल तर अंगठा उखडतो, आणि अंगठा उखडला की नकाशा गेला.

हा प्रश्न मोठ्या वादकांनी आपापल्या परीने सोडवला. पंडित रविशंकर (1920–2012) यांच्या पद्धतीच्या सतारीत जाड खरज आणि खालचा पंचम राहिले. आलापात त्यांचा गंभीर आवाज हवा, पण द्रुत लयीत ते मध्ये येतात. म्हणून दांडीवर छोटे आकडे लावले, त्यांत त्या तारा अडकवून गप्प करता येतात. उस्ताद विलायत खाँ (1928–2004) यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी खर्जाच्या जाड तारा काढूनच टाकल्या आणि मधल्या जागेत गंधार-पंचमाच्या बारीक तारा आणल्या, रागाप्रमाणे मिळवायच्या. आवाजाचा विचार तर त्यात होताच, पण उजव्या हाताची वाटही मोकळी झाली. नवशिक्या ज्येष्ठांना मी ही दुसरी मांडणी सुचवतो. खर्जाचे चाहते रागावतील, रागावू देत.

बेंगळुरूत राहायचा एक फायदा म्हणजे शेजारच्या घरात वीणा असते. सरस्वती वीणेत वाजवायच्या चार तारा वर आणि तालाच्या तीन तारा दांडीच्या कडेला, वेगळ्याच पातळीवर. तर्जनी आणि मधलं बोट खाली छेडतात, तालाच्या तारा करंगळी वर छेडते. म्हणजे दूरच्या तारांसाठी वेगळा शिपाई नेमला. सतारीत एकाच शिपायाला दोन्ही चौक्या सांभाळायच्या.

युरोपात ल्यूट नावाचं वाद्य होतं, अरबांच्या ऊदचं वंशज. सोळाव्या शतकात त्याचा अंगठा बोटांच्या आतल्या बाजूने चाले. पुढे खर्जाच्या तारा वाढत गेल्या आणि अंगठ्याला लांब जावं लागू लागलं. तेव्हा तो बाहेर काढला गेला, हात घोडीकडे सरकला आणि तबलीवर टेकवलेल्या करंगळीचा आधार कायम राहिला. आपल्या अंगठ्याचं काम तिथे करंगळी करते. ड्रेस्डेनच्या दरबारातला सिल्व्हियस लिओपोल्ड वाइस (मृत्यू 1750) याच्या काळात तर तेरा ओळी आणि चोवीस तारा झाल्या: पहिल्या दोन एकट्या, बाकी अकरा जोड्या. जोडीतल्या दोन तारा एका फटक्यात वाजाव्यात इतक्या जवळ, पण एकमेकींवर आपटू नयेत इतक्या लांब. अंगठा एक जोडी छेडून पुढच्या जोडीवर विसावायचा, म्हणजे अंधारातही वाट सापडायची. अंतर बिघडलं की तिथेही हात बिघडणार.

म्हणून मी आमच्या त्या दोघांपैकी एकाला सतारीसकट राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसवलं आणि मिरजेला नेलं. तिथला हा धंदा एकोणिसाव्या शतकातला, फरीदसाहेब सतारमेकरांपासूनचा. ही मंडळी मूळची शिकलगार, शस्त्रांना धार लावणारी. हत्यारांची मागणी आटली तशी तीच बोटं लाकूड आणि भोपळ्याकडे वळली. माझ्यासारख्या फौजी माणसाला याचं अप्रूप वाटणारच. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

कारागिराने सतारीला हात लावायच्या आधी आमच्या मित्राला दहा मिनिटं वाजवायला लावलं आणि फक्त उजव्या हाताकडे बघत बसला. मग घोडीवरची जोडाची खाच किंचित वर सरकवली, मधल्या दोन तारा जवळ घेतल्या आणि वरच्या टोकाच्या पट्टीवरही तसाच फरक केला. तार नव्या जागी टेकली की तिची जवारी बदलते, म्हणून घोडी पुन्हा घासून आवाज मिळवला. याला वेळ लागतो. खोक्यातून घरपोच येणाऱ्या सतारीत तो वेळ कुणी दिलेला नसतो.

विकत घेण्याआधी तुम्ही एवढं करा. अंगठा रोवून, डोळे मिटून बाजावर वीस जोरदार ‘दा’ वाजवा. जोड मध्ये बोलतो का ते ऐका. मग अंगठा न उचलता चिकारीवर ‘रा’ वाजवा. हात ताणावा लागला तर तसं दुकानदाराला सांगा आणि खाच बदलून मागा. नखी बोटाच्या पेरात रुतत असेल तर पक्कडीने थोडी सैल करून घ्या. बोट निळं पडेपर्यंत सहन करण्यात काही शौर्य नाही. आमचे मित्र सध्या रोज सकाळी अर्धा तास वाजवतात. झाला अजून कच्चा आहे.