छप्पर, वारा आणि पाणी : सुरतेतील हिरव्या घरांचे गणित

सुरतेत घर बांधताना तीन गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो : माथ्यावरचे ऊन, समुद्राकडून येणारी दमट हवा आणि तापीचे पाणी. शहर साधारण 21 उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे बैठ्या घरात किंवा वरच्या मजल्यावर सर्वाधिक उष्णता भिंतींतून नव्हे, छपरातून शिरते. दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, म्हणून सावलीइतकीच वाऱ्याची गरज भासते. ऑगस्ट 2006 मध्ये तापीवरील उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा बहुतेक भाग बुडवला, तेव्हा जोत्याची उंची ही किती मोलाची गोष्ट आहे हेही दिसले. या तिन्हींना कमीत कमी वीज आणि कमीत कमी सिमेंट-पोलाद वापरून तोंड देणारी इमारत, ही सुरतेपुरती हिरव्या इमारतीची व्याख्या म्हणता येईल.

शेरीतले घर, धाब्याचे घर

रांदेर आणि गोपीपुरा भागातील जुन्या घरांनी हे गणित लाकडात सोडवले होते. दर्शनी भाग अरुंद, खोली मात्र लांबच लांब, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक. अशा घराच्या फक्त पुढच्या-मागच्या भिंतींना ऊन लागते. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि शेरीतली गार हवा आत ओढली जाते. उंच ओट्यामुळे पावसाचे पाणी उंबऱ्याबाहेर राहते. अनेक घरांच्या पोटात छपरावरचे पाणी साठवणारे टाकेही असे.

तापीच्याच वरच्या अंगाला, खानदेशात, उत्तर वेगळे होते. तिथे पाऊस कमी आणि ऊन कोरडे. धाब्याच्या घरात लाकडी सरांवर किलचन अंथरून वर मातीचा जाड थर देतात आणि पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती टाकतात. दिवसभराचे ऊन त्या थरातून झिरपून खाली येईपर्यंत संध्याकाळ होते. तोवर माणसे गच्चीवर झोपायला गेलेली असतात.

पत्र्याखालची दुपार

खानदेशातून कामासाठी आलेली हजारो कुटुंबे आज लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत राहतात. त्यांच्या वाट्याला ना चौक आला, ना धाबे. लहान भूखंडावर विटांच्या भिंती, वर पत्रा किंवा उघडा स्लॅब, असे तेथील अनेक घरांचे रूप आहे. पत्रा पातळ असल्याने तो उन्हात काही मिनिटांतच तापतो आणि खालच्या माणसांवर उष्णता फेकू लागतो. स्लॅबची गोष्ट उलटी : तो दिवसभर उष्णता पोटात घेतो आणि रात्री परत करतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची झोप दुपारची, म्हणजे नेमकी पत्रा सर्वाधिक तापलेल्या वेळेची असते. इथे गारवा हा चैनीचा नव्हे, झोपेचा आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा प्रश्न होतो.

सर्वांत स्वस्त उपाय छपराच्या रंगात आहे. स्वच्छ पांढरा लेप सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो. गंजलेला पत्रा किंवा काळवंडलेला स्लॅब तो शोषून घेतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे बसवण्याची गुजरातची जुनी रीत याच तत्त्वावर चालते आणि लेपापेक्षा कितीतरी जास्त टिकते. अहमदाबादने 2017 पासून वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मात्र धूळ बसली की पांढऱ्याचा गुण उतरतो, म्हणून लेप धुवावा आणि काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. छपराखाली हवेची पोकळी सोडून दुसरे आच्छादन बसवणे, समोरासमोर झडपा ठेवणे आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली आणणे ही पुढची पावले.

आच्छादन निवडताना आगीचा विचार टाळता येत नाही. थर्मोकोल आणि प्लास्टिकचे पडदे उष्णता अडवतात, पण भराभर पेटतात. आगीची किंमत शहराने पाहिली आहे : मे 2019 मध्ये सरथाणा भागातील एका व्यापारी संकुलाला लागलेल्या आगीत 22 जणांचा बळी गेला. बहुतेक जण गच्चीवरच्या वाढीव बांधकामातील शिकवणी वर्गाचे विद्यार्थी होते.

हिऱ्यांच्या बाजारातला वारा

शहराच्या दक्षिणेला खजोद येथे याच तत्त्वांचे भव्य रूप उभे आहे. सुरत डायमंड बोर्स या इमारतीचे उद्घाटन 17 डिसेंबर 2023 रोजी झाले. दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिस या संस्थेने आखलेल्या या संकुलात नऊ मनोरे एका लांब मार्गिकेने जोडलेले आहेत. मार्गिकेची टोके नरसाळ्यासारखी रुंद ठेवली आहेत, त्यामुळे वारा आत ओढला जातो आणि अरुंद भागात त्याचा वेग वाढतो. सामाईक जागांत फरशीखालून थंड पाण्याच्या नळ्या फिरवल्या आहेत. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी हजारो पट उष्णता वाहून नेते, म्हणून हा गारवा कमी विजेत मिळतो. संकुलाला इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचे प्लॅटिनम मानांकन आहे.

पण हिरवेपणाचा हिशेब वीजबिलापाशी संपत नाही. सिमेंट आणि पोलाद तयार होतानाच प्रचंड कार्बन बाहेर पडलेला असतो. तो खर्च इमारत वापरली तरच वसूल होतो. उद्घाटनानंतर बराच काळ बोर्समधील बहुसंख्य कार्यालये सुरू झाली नव्हती. बंद दालन वीज कमी खाते, पण ते बांधताना सांडलेला कार्बन कोणत्याही कामाच्या खाती जमा होत नाही.

राडारोडा, धातुमळी आणि सांडपाणी

म्हणूनच नवे साहित्य कमी लागेल असे बांधणे महत्त्वाचे ठरते. कोसाड येथे महानगरपालिकेच्या प्रकल्पात पाडलेल्या इमारतींचा राडारोडा दळून त्यापासून पदपथाचे ठोकळे बनवले जातात. सुरतेजवळच्या हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यातील धातुमळी खडीऐवजी वापरून 2022 मध्ये तेथे सहापदरी रस्ता झाला.

पाण्याच्या बाबतीत सुरतेची कामगिरी जुनी आहे. आंजणा येथील मलशुद्धीकरण केंद्रात 2003 पासून सांडपाण्याच्या वायूवर वीज तयार होऊ लागली. बमरोलीचे केंद्र 2014 पासून दररोज 4 कोटी लिटरपर्यंत सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड प्रक्रिया कारखान्यांना देण्यासाठी उभारले गेले. तेवढे पिण्यायोग्य पाणी त्यामुळे वाचते. घराच्या पातळीवर हिशेब सोपा आहे. वर्षाला 1,200 मिलिमीटर पाऊस धरला तर 30 चौरस मीटरच्या छपरावर 36,000 लिटर पाणी पडते. ते टाक्यात किंवा जमिनीत गेले, तर तेवढाच भार लिंबायतच्या मिठी खाडीवरून कमी होतो.

नियम कोणापर्यंत पोचतात

केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेने भिंती, छप्पर आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली. मात्र ती 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी बांधकामांसाठी होती. मानांकनाचे शुल्क आणि सल्लागार परवडतो तोही मोठ्याच प्रकल्पांना. पत्र्याचे घर या दोन्ही चौकटींबाहेर राहते. शिवाय तिथे अनेकदा भाडेकरू राहतो : छपरावर खर्च करायचा तो मालकाने आणि उकाडा सोसायचा तो भाडेकरूने, त्यामुळे लेप कोणीच देत नाही.

सरकारी घरकुले ही कोंडी फोडू शकतात. राजकोटच्या स्मार्ट घर प्रकल्पात पंतप्रधान आवास योजनेतील घरांसाठीच उष्णतारोधक भिंती, बाहेरून बंद होणाऱ्या झडपा आणि हवा ओढणारी उभी पोकळी आखली गेली. घर ताब्यात देण्यापूर्वीच गारवा बांधकामात मुरलेला असेल, तर भाडेकरू आणि मालक यांच्यातील वाद उरत नाही. जुन्या वस्त्यांत मात्र काम छपरापासूनच सुरू करावे लागेल, आणि तेही मार्च संपण्यापूर्वी.