जुन्या डर्ट बाइकचे फोर्क: दोष लोखंडात नाही, तेलाच्या वाटेत आहे

सुझुकीची डीआर६५०एसई १९९६ साली बाजारात आली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं जवळपास आहे तशीच विकली गेली. हवा आणि तेलाने थंड होणारं ६४४ सीसीचं एक-सिलिंडर इंजिन, पुढे २१ इंची चाक, टाकी भरल्यावर सुमारे १६६ किलो वजन. इंजिनाबद्दल मालकांची फारशी कुरकुर नसते. तक्रार असते ती पुढच्या फोर्कांची. ब्रेक दाबला की गाडीचं तोंड खाली जातं, आणि तीच गाडी दगडगोट्यांच्या वाटेवर मनगटाला हिसके देते. यावर पुष्कळांना सुचणारा उपाय म्हणजे जुने फोर्क उतरवायचे आणि एखाद्या मोटोक्रॉस गाडीचे उलटे, म्हणजे यूएसडी, फोर्क बसवायचे. माझं मत वेगळं आहे. या गाडीच्या ४३ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांत ताकदीची वाण नाही. कमी पडते ती आतली स्प्रिंग आणि तेलाला दिलेली वाट. पैसा आणि मेहनत आधी तिथे खर्च व्हायला हवी.

तेलाचा धक्काशोषक असलेले टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने १९३५ साली आर१२ या गाडीवर आणले. डीआरचे फोर्क त्याच साध्या घराण्यातले आहेत. खालच्या जाड पायाच्या तळाशी बोल्टने आवळलेली एक पोकळ दांडी असते, तिला डॅम्पिंग रॉड म्हणतात. चाक वर आलं की तळाचं तेल या दांडीच्या भोकांतून वर ढकललं जातं, आणि तेवढाच काय तो धक्क्याला विरोध. अडचण अशी की ठरावीक मापाच्या भोकातून तेल दुप्पट वेगाने काढायचं तर जोर साधारण चौपट लागतो. इंजेक्शनची सिरिंज हळू दाबली तर सहज रिकामी होते, जोरात दाबली तर अंगठ्याला दाद देत नाही. तसंच हे आहे. ब्रेक मारताना फोर्क तुलनेने सावकाश दबतो, म्हणून विरोध जवळजवळ होतच नाही आणि तोंड बुडतं. टोकदार दगडावर तो अतिशय वेगाने दबतो, भोकं अपुरी पडतात आणि धक्का थेट हँडलपर्यंत पोचतो. एकच फोर्क नको तिथे मऊ आणि नको तिथे कडक का, याचं उत्तर इथे आहे. म्हणूनच जाड तेल घालण्याचा गॅरेजमधला नेहमीचा तोडगा अर्धवट ठरतो. त्याने ब्रेकचं बुडणं थोडं कमी होतं, पण दगडावरचा हिसका वाढतो.

तरीही पहिलं काम तेलाचं नाही, स्प्रिंगचं आहे. डीआरच्या पुढच्या चाकाचा प्रवास २६० मिलिमीटर आहे. स्वार नेहमीच्या सामानासह बसल्यावर त्यातला चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे ६५ ते ८५ मिलिमीटर, दबलेला असावा. हे मोजायला टेप आणि तीन माणसं पुरतात: एक गाडी सरळ धरतो, दुसरा पूर्ण पेहरावात फूटपेगवर पाय ठेवून बसतो, तिसरा मोजतो. दाब याहून बराच जास्त असेल तर स्प्रिंग त्या वजनाला मऊ आहे. इथे पुष्कळजण स्प्रिंगवरचा स्पेसर लांब करतात. त्याने गाडी उंच उभी राहते, पण पुढचा प्रत्येक मिलिमीटर पूर्वीइतकाच मऊ राहतो. मिलिमीटरमागे अर्धा किलो मागणारी स्प्रिंग कितीही आवळून बसवली तरी मिलिमीटरमागे अर्धाच किलो मागणार. वजनाला साजेशा ताकदीची स्प्रिंग विकत घेण्याला पर्याय नाही.

स्प्रिंग जुळली की तेलाची वाट सुधारायची. मोटोक्रॉसच्या गाड्यांवर १९८०च्या दशकात कार्ट्रिज फोर्क आले. त्यांत पातळ पोलादी चकत्यांची चळत वाकून वाट देते, त्यामुळे वेग वाढला तरी विरोध भडकत नाही. कॅलिफोर्नियातल्या रेस टेक या पॉल थीड यांच्या कंपनीने हा गुण जुन्या फोर्कात आणणारा एक छोटा व्हॉल्व्ह लोकप्रिय केला. त्याला कार्ट्रिज एम्युलेटर म्हणतात. तो डॅम्पिंग रॉडच्या माथ्यावर नुसता टेकतो आणि मुख्य स्प्रिंग त्याला दाबून धरते. हळू दाबाला तेल त्याच्या बारीक छिद्रातून जातं, म्हणून ब्रेकखाली आधार मिळतो. जोराचा धक्का आला की स्प्रिंगने दाबलेली झडप उचलली जाते आणि तेलाला मोठी वाट मिळते. त्यासाठी रॉडची खालची भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात, नाहीतर अडवणूक तिथेच होत राहते. व्हॉल्व्हने जितकी उंची घेतली तितका स्पेसर कापायचा, आणि तेलाची पातळी मोजायची ती स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून, नळीच्या वरच्या कडेपासून. वर उरलेली हवा प्रवासाच्या शेवटी स्वतःच स्प्रिंगसारखी काम करते, म्हणून इथे घाई चालत नाही.

यावर आक्षेप असा की यूएसडी फोर्क मुळातच सरस आहेत. ते खरं आहे. ते कमी वाकतात, त्यांचं नियंत्रण बाहेरच्या क्लिकरवर होतं, आणि मोठ्या उड्या मारणाऱ्याला ते हवेतच. पण त्यांच्याबरोबर ट्रिपल क्लॅम्प, अ‍ॅक्सल, कॅलिपर आणि बहुधा चाकही जुळवावं लागतं. त्यांच्या स्प्रिंगा शंभर-एकशेदहा किलोच्या गाडीसाठी बेतलेल्या असतात, त्या इथेही बदलाव्याच लागतात. फोर्कांची लांबी वेगळी असली की पुढची उंची आणि हँडलचा कोन बदलतो. म्हणजे एवढा खर्च करूनही स्प्रिंग आणि डॅम्पिंगचा हिशेब टळत नाही.

एम्युलेटरच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. तो फक्त दाबाची बाजू सुधारतो. फोर्क उसळून वर येण्याचा वेग अजूनही रॉडच्या भोकांवर आणि तेलाच्या जाडीवर ठरतो. सेटिंग बदलायचं तर कॅप उघडून स्प्रिंग काढावी लागते. रॉडला एकदा भोकं पाडली की मूळ स्थिती परत येत नाही, म्हणून जुनेपण जपणाऱ्याने सुटे रॉड घेऊन त्यांवर काम करावं. आणि नळी वाकलेली, बुश झिजलेले किंवा कोनसेट सैल असेल तर आधी ती दुरुस्ती. नाहीतर नवा व्हॉल्व्ह दोष झाकायला घातल्यासारखा होईल.

हा क्रम डीआरपुरता नाही. रॉयल एनफील्डच्या २०१६च्या हिमालयनचे ४१ मिलिमीटरचे, २०० मिलिमीटर प्रवासाचे फोर्कही साधेच, बाहेरून कुठलीही अ‍ॅडजस्टमेंट नसलेले. सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांवर ती नेणाऱ्यानेही आधी टेप घेऊन दाब मोजावा, मग स्प्रिंग, मग तेलाची वाट, आणि एवढं करूनही गाडी अपुरी पडली तरच नव्या फोर्कांचा विचार करावा. या क्रमाने गेलं की प्रत्येक टप्प्यावर कशाने काय सुधारलं ते कळतं, आणि गाडी ज्या मापांवर कारखान्यात जुळवली होती ती मापं शाबूत राहतात.