रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र रुसलेलं

मार्गशीर्ष संपत आला, की सांगलीहून अक्काचा निरोप यायचा, ‘भोगीला जेवायला या. पावटा आलाय, वांगी छान मिळतायत.’ पूर्वी हा निरोप आंतर्देशीय पत्रातून यायचा, मग फोनवरून यायला लागला. आणि दरवर्षी मी काही ना काही कारण पुढे करायचो. शाळेत तपासणी आहे, पेपर तपासायचे पडलेत, हिला सर्दी झालीय. अशी ओळीनं सहा वर्षं मी भोगीला सांगलीला गेलो नाही. आई गेल्यावर आईच्या जागी असलेली सख्खी मोठी बहीण! तिनं मनाशी अर्थ लावून टाकला, की भावजयच पाठवत नसणार. उघड कुणी काही बोललं नाही. पण फोनवरचं बोलणं हवापाण्यापुरतं उरलं.

खरं कारण सांगायची मला लाज वाटत होती. खरं कारण होतं, माझं पोट.

सातारा ते सांगली म्हणजे एसटीनं साधारण तीन तासांचा रस्ता. उंब्रज, कराड, पेठनाका, आष्टा. या रस्त्यावर कुणाला उसाचे फड आठवतील, कुणाला नातलग. मला पाठ होतं ते एवढंच, की कुठल्या स्टँडवर स्वच्छतागृह कुठल्या बाजूला आहे. दिवाळी झाली, अजिंक्यताऱ्यावरून गार वारं सुटलं, की माझा हंगाम सुरू व्हायचा. सकाळी दोन-तीनदा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्याचं समाधान नाही. बेंबीखाली कळ उठायची, जाऊन आलं की थांबायची आणि चहा घेतला की पुन्हा हजर. चार दिवस असे गेले की पुढचे चार दिवस नेमके उलटे, काही केल्या होत नाही. पोट मात्र नगाऱ्यासारखं फुगलेलं. हे शिमग्यापर्यंत चालायचं.

आपल्याकडे डोकं दुखतंय असं चारचौघांत सांगता येतं, गुडघे दुखतात हे तर कौतुकानं सांगतात. पोटाचं गाऱ्हाणं मात्र दाराआडच ठेवायचं असतं. शेजारचे काका म्हणायचे, ‘अहो, थंडीत तर दगडसुद्धा पचतात!’ त्यांचंही चूक नव्हतं. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, म्हणून जड, स्निग्ध खावं, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही सांगितलं आहे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे सगळं त्याच शहाणपणातून आलं. साऱ्या गावाचा अग्नी फुललेला आणि माझ्या चुलीत मात्र नुसता धूर, अशी गत होती.

तपासण्या झाल्या. रक्त झालं, शौच झालं, सोनोग्राफी झाली. शेवटी दुर्बीणही झाली. कागदांवरून नजर फिरवून मला सांगण्यात आलं, ‘सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका.’ वास्तविक आनंदानं पेढे वाटायला हवे होते. पण मला अपमान झाल्यासारखं वाटलं. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मी काय सोंग करत होतो? घरी आल्यावर हिला सांगितलं, तर ती काही न बोलता शेकायची पिशवी भरून घेऊन आली. त्या वेळी तेच औषध होतं.

मग कुणीतरी मिरजेचं नाव सुचवलं. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल तिथं उभं राहिलं आणि तेव्हापासून आपल्या भागातल्या माणसाचे पाय दुखणं हटेना की मिरजेकडे वळतात. मी रेल्वेनं निघालो, कारण उघड आहे, गाडीत सोय असते. ही गाडी सांगलीवरून जाते. सांगली स्टेशनावर गाडी थांबली, तेव्हा अक्काचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. मी खिडकीतून तोंड आत घेऊन चोरासारखा बसून राहिलो. अक्काच्या ताटासमोर बसून ‘नको’ कसं म्हणायचं, हे मला ठाऊक नव्हतं. गाडी हलली तेव्हा घशाशी काहीतरी दाटून आलं.

मिरजेच्या डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि आधी मला बोलू दिलं. अर्धा तास. मग म्हणाले, ‘गुरुजी, ही तंबोऱ्यांची मिरज आहे. एखाद्या तंबोऱ्याचा एक्स-रे काढला, तर भोपळा शाबूत दिसेल, तारा शाबूत दिसतील. पण तो बेसूर आहे, हे फोटोत दिसेल का? तुमचं आतडं शाबूत आहे, ते सुरात नाही. दुखणं खरं आहे.’

‘दुखणं खरं आहे’ हे चार शब्दही नव्हेत. पण मला निम्मं बरं वाटलं ते तिथंच.

या दुखण्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस म्हणतात. आपल्या आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. हे बोलणं बिघडलं, की साधा गॅससुद्धा कळ होऊन जाणवतो आणि आतड्याची चाल कधी धावती तर कधी रेंगाळणारी होते. २०१६ च्या ‘रोम’ निकषांप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखत असेल, त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असेल, शौचाची वेळ किंवा स्वरूप बदललं असेल आणि त्रास सुरू होऊन सहा महिने उलटले असतील, तर डॉक्टर हे निदान करतात. या निकषांनी मोजलं, तरी जगात शंभरात साधारण चार जण असे निघतात. म्हणजे आपल्या एसटीच्या एका गाडीत एक-दोन तरी!

मग हिवाळ्यातच का? डॉक्टरांनी मला वही घालायला सांगितली. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती, चालणं किती, पोट कसं. महिन्याभरात वहीनंच उत्तर दिलं. थंडीत माझं पाणी निम्म्यावर आलं होतं आणि चहा दुप्पट झाला होता. पहाटेचं फिरणं रजईत गुंडाळलं गेलं होतं. ताटात पावटा, मटार, सोलाणे, घेवडा रोज. त्यावर लग्नसराईची जेवणं. आणि या सगळ्यावर आपली कांदा-लसूण चटणी! सातारा-सांगलीच्या माणसाला ही चटणी सोड म्हणणं म्हणजे आडनाव बदल म्हणण्यासारखं आहे.

कडधान्यं, शेंगांचे दाणे, कांदा, लसूण, गहू यांत काही साखरेसारखे घटक असतात. ते लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातले जंतू ते आंबवतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं. दुधातली साखरही काहींना असाच त्रास देते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये या घटकांना ‘फॉडमॅप’ असं नाव दिलं. हे पदार्थ काही आठवडे कमी करायचे, मग एकेक परत घेऊन बघायचं, की आपला वैरी नक्की कोण. मात्र हे जन्मभराचं पथ्य नव्हे आणि जाणत्याला विचारल्याशिवाय करायचंही नाही, नाहीतर माणूस उगाच उपाशी राहतो.

आमच्या स्वयंपाकघरात मग शोध लागत गेले. हे घटक तेलात उतरत नाहीत, म्हणून ही तेलात लसणाच्या पाकळ्या परतते आणि काढून टाकते. वास राहतो, त्रास जातो. कांद्याची उणीव हिंग भरून काढतो. बाजरीची, ज्वारीची भाकरी आणि भात मला मानवतो, तिळाचा लाडूही एखादा चालतो. कोंडा खाऊन मी पूर्वी पोट आणखी बिघडवून घेतलं होतं. त्याऐवजी इसबगोल, तेही भरपूर पाण्याबरोबर. तांब्यात कोमट पाणी, जेवणाच्या वेळा ठरलेल्या आणि उन्हं वर आल्यावर राजवाड्यापर्यंत चालत फेरी. कळ फार असेल तेव्हा डॉक्टरांनी दिलेली गोळी. काहींना नैराश्यावरची गोळी अगदी थोड्या मात्रेत देतात, ती आतड्याच्या मज्जातंतूंना शांत करण्यासाठी. ती लिहून दिली म्हणून कुणी दचकू नये, वेड लागल्याची ती खूण नव्हे.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. शौचातून रक्त, कारणावाचून घटणारं वजन, अंगात रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारा त्रास, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं, यांतलं काहीही असेल, तर ‘आपलं ते आयबीएसच’ म्हणून घरी बसू नका. आधी तपासून घ्या.

दुसऱ्यांदा मिरजेहून परतताना मी सांगलीला उतरलो. अक्का दारातच होती. सगळं सांगून टाकलं, एसटीपासून खिडकीतून तोंड आत घेतलं तिथपर्यंत. ती ऐकत राहिली. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, ‘अरे, पोट दुखतंय एवढं सांगायला सहा वर्षं लागली होय रे तुला? आणि मी बिचारीला नावं ठेवत बसले!’ तिनं तिथंच साताऱ्याला फोन लावला. वहिनी-नणंदा काय बोलल्या, मला कळलं नाही; पण दोघी रडल्या एवढं नक्की.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाची हळूच म्हणाली, ‘मामा, मलाही असंच होतं. परीक्षेच्या दिवसांत मी कॉलेजला उपाशीच जाते.’ अक्का तिच्याकडे बघतच राहिली. एका छपराखाली राहून लेकीनंही तेच लपवलं होतं. पुढच्याच आठवड्यात मायलेकी मिरजेला जाऊन आल्या.

आता भोगीला आम्ही दोघंही जातो. अक्का एका लहान पातेल्यात माझी आणि भाचीची भाजी वेगळी करते. त्यात वांगं, गाजर, तिळाचं कूट आणि चवीपुरते चार पावटे. त्रास अजूनही होतो, अगदी गेला असं नाही. मधूनच एखादा आठवडा वाईट जातो, तेव्हा मी सांगतो, ‘आज बरं नाही’, आणि कुणी आग्रह करत नाही. मागल्या खेपेला भरल्या पंगतीत अक्कानं मोठ्यांदा विचारलं, ‘काय रे, आज झाली का नीट?’ मी तोंडात घास असताना मान हलवली. शेजारचे पाव्हणे आधी चमकले आणि मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, ‘गुरुजी, त्या डॉक्टरांचा पत्ता जरा मलाही देता का?’